भिंतीचं पाणी

२१ मार्च १९८६, शुक्रवार

आणि मलाच का, हे कुणी सांगेना. गावात मॅट्रिक झालेली पोरं पारावर बसून विड्या ओढायलीत, त्यांना नाही सांगितलं. शाळेत दोन मास्तर आहेत, त्यांना नाही. सोसायटीच्या गोडाऊनच्या मावळतीकडच्या भिंतीसमोर भर उन्हात तार धरून उभं राहायला कोण, तर सत्यभामा. आण्णासाहेब चेअरमन आहेत म्हणून त्यांनी बोट दाखवायचं आणि मी उठायचं. वर चार माणसांत म्हणाले, "बाई, ही भिंत तुमच्याच टोळीनं बांधली, मागच्या दुष्काळात. तुमच्याइतकी जीव लावून कोण बघणार?" नाही म्हणायची सोयच ठेवली नाही.

आज सगळं एकदा नीट लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल. औंदा परत पाऊस नाही. विहिरी आटल्या. नळदुर्गाकडून दिवसाआड टँकर येतो आणि बायका एकमेकींच्या झिंज्या धरतात. आता सरकारातून दहा हजार लिटरची लोखंडी टाकी मिळाली. ती गोडाऊनच्या मावळतीच्या खोलीवर, जुने पत्रे काढून औंदा घातलेल्या स्लॅबवर ठेवायची. टँकरनं टाकी भरायची, खाली दोन नळ. एक पाइपानं उगवतीला गावाकडं, एक भिंतीच्या पायथ्याशी बौद्ध वस्तीकडं. चौदा तारखेला बाबासाहेबांची जयंती, त्या दिवशी नळ सुरू करायचा, म्हणजे दोन्ही कामं एका हारात, असं आण्णासाहेबांचं गणित. पण तालुक्याचा साहेब म्हणाला, भरली टाकी दहा टनांची, आधी भिंत तपासा. भिंत फोडून बघायची तर आण्णासाहेब तयार नाहीत. नवीन रंग दिलाय.

म्हणून सोलापूरच्या कॉलेजातले हिरेमठ सर आलेत. बारीक माणूस, चष्म्याला दोरा. न फोडता भिंतीच्या पोटातलं सांगतो म्हणतात. कसं, तर ताप बघून.

मी तिसरीपर्यंत शिकले, पुढं प्रौढ वर्गात हात बसला. सरांनी आकडे लिहायला एक रजिस्टर दिलं आणि एक वही जास्तीची. ही ती वही.

२३ मार्च, रविवार

दोन दिवस उगवतीच्या भिंतीवर शिकवलं. आधी चांगली भिंत कशी तापते ते कळू द्या म्हणाले. खडूनं भिंतीवर चौकटी आखल्या, आडव्या आठ, उभ्या सहा. उभ्यांना क ख ग घ, मग ङ कुणाला येत नाही म्हणून तो गाळून च आणि छ; आडव्यांना एक ते आठ आकडे. पेटीसारखा एक मीटर, त्याला तार, तारेच्या टोकाला बारीक चकती. चकती चौकटीवर टेकवायची, काटा थांबला की आकडा लिहायचा. अठ्ठेचाळीस वेळा. चार वाजता, रात्री आठला आणि पहाटे पाचला.

मी म्हटलं, "सर, दगडाला ताप आला तर त्याला गोळी द्यायची का?"

हसले. म्हणाले, परदेशात आता कॅमेरा आहे, तो उजेडाचा फोटो न काढता उबेचा काढतो. कुठं किती ऊब ते रंगात दिसतं. आपल्याकडं तो नाही, म्हणून आपण खडू, तार आणि रंगीत पेन्सिली. गरम चौकट लाल, मधली पिवळी, थंड निळी. कागदावर रंगवलं की भिंतीचा फोटोच. मग ते बोटाएवढी बटणं असलेल्या मशीनवर हिशोब करतात, की एवढा जाड भरीव दगड, एवढं ऊन, तर चार वाजता किती तापावा आणि आठला किती उतरावा. त्या हिशोबाशी फोटो जुळला तर भिंत भरीव.

"आणि न्हाय जुळला तर?"

"आत पोकळ आहे, नाहीतर माल, म्हणजे आतला चुना, सुटलाय. मागं आधार नसलेला दगड उन्हात पटकन तापतो आणि पटकन निवतो. ऊब आत जायला वाटच नसते की हो."

मी म्हटलं, हे सांगायला सोलापूरहून कशाला आलाव. भाकरी फुगली की वरचा पापुद्रा आधी करपतो आणि टोपल्यात टाकली की आधी तोच गार होतो. जिथं फुगली नाही तिथं ऊब धरून राहते. कोणत्याही बाईला विचारा.

सर माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "मावशी, मी यावर चार वर्षं घालवली."

मला वाटलं, चिडले. पण ते वहीत भाकरी लिहून घेत होते.

२६ मार्च, बुधवार

धुळवड. पाणी नाही, पोरं राखच उधळायलीत. उगवतीची भिंत सगळी पिवळी आली, एकसारखी. सर खूश. म्हणाले, "तुमच्या टोळीचं काम पक्कं आहे."

उगवतीची भिंत आम्ही माघात बांधली होती. मावळतीची वैशाखात.

२७ मार्च, गुरुवार

आज आठ वाजता सर जेवायला गेले तेव्हा मी मावळतीच्या भिंतीला तळहात लावला. मीटर नाही, नुसता हात. कडेच्या चौकटी उबदार, दुभत्या म्हशीच्या पोटासारख्या. मग मधोमध आले, ग-३ पासून च-६ पर्यंत, आणि हात गार. बारा चौकटी. दोनदा बघितलं. एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं.

मला बघायची गरज नव्हती. मला माहीत होतं.

इथं लिहिते, कारण इथं कुणी वाचणार नाही. दुष्काळी कामावर वीस बायांची टोळी माझ्या हाताखाली होती. भिंत दोन अंगांची, आत आणि बाहेर तोंडाचा दगड, मधल्या पोकळीत बारीक दगड आणि चुना कालवून भरायचा. दर चार हातांवर एक लांब दगड आडवा, दोन्ही अंगांना धरून ठेवणारा. चुना कालवायला आणि बांधलेल्यावर मारायला पाणी लागतं. कामासाठी रोज पिंपं भरून पाणी यायचं. गावात पिण्याला तेवढं यायचं नाही.

वैशाखात माझा महारुद्र पाच वर्षांचा होता. त्याची जीभ पांढरी पडायची. मी एक दिवस पिंपातली एक कळशी घरी नेली. दुसऱ्या दिवशी सगळ्या बाया माझ्याकडं बघत उभ्या. मी म्हटलं, न्या. मग तोंडाचे दगड तेवढे चुन्यात बसवायचे, दगडांमधल्या फटी, दर्जा, वरून नीट भरायच्या, आणि मधलं पोट नुसतं खडीनं कोरडंच भरायचं असं ठरलं. ठरलं म्हणजे मी ठरवलं. लांब दगड खाणीतून आणायला चार जणी आणि अर्धा दिवस लागायचा, तेही सोडून दिले. ओव्हरसियर शनिवारी यायचा, लिंबाखाली बसून बाहेरून फूटपट्टी लावायचा. बाहेरून भिंत देखणी होती. अजून आहे.

भिंतीचं पाणी आम्ही प्यालो. माझं पोर जगलं. परत ती वेळ आली तर परत नेईन, हेच वाईट आहे.

२९ मार्च, शनिवार

सर परीक्षेसाठी सोलापूरला गेले. मीटर आणि रजिस्टर माझ्याकडं. "तुमच्यावर सोपवतो, मावशी. मावळतीच्या भिंतीचे पाच दिवस नीट घ्या. शुक्रवारी येतो."

चार वाजता सुरू केलं. क आणि ख ओळी, चव्वेचाळीस, चव्वेचाळीस, पंचेचाळीस. ग-३ ला काटा सत्तेचाळीसवर थांबला. मी थांबले. तार काढली, पुसली, परत लावली. सत्तेचाळीस.

रजिस्टरात चव्वेचाळीस लिहिलं.

एक आकडा खोटा लिहिला की पुढचा खरा लिहिता येत नाही. बाराही लिहिले. रात्री आठला तिथं चौतीस निघाले, बाकी भिंत सदतीस. मी सदतीस लिहिले.

महारुद्रचं बघावं लागतं. तो सोसायटीत शिपाई आहे, आण्णासाहेबांच्या शब्दावर लागला. भिंतीचं नाव निघालं तर माझं निघणार आणि माझं निघालं की त्याचं. आणि भिंत तेरा वर्षं उभी आहे. टाकी बसली तरी काही होणार नाही. होणारच असतं तर आतापर्यंत झालं असतं.

३० मार्च, रविवार

तेच.

१ एप्रिल, मंगळवार

दिवसभर धुळीचं वादळ. सूर्य असा दिसत होता जसा राखेतला निखारा. भिंत नीट तापलीच नाही. मी बाहेर गेलेच नाही, घरात बसून कालचेच आकडे उतरवले, थोडे इकडचे तिकडं करून. चव्वेचाळीस, पंचेचाळीस, चव्वेचाळीस. एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

महारुद्र म्हणाला, "आई, तू कवापासून अशी अंदाजानं लिवायलीस?"

म्हटलं, तुला काय कळतं त्यातलं. भाकरी खा.

४ एप्रिल, शुक्रवार

सर आले. गोडाऊनच्या ओट्यावर बसून रजिस्टरावरून कागद रंगवला. अठ्ठेचाळीस चौकटी, सगळ्या पिवळ्या. मी समोर बसले होते. त्यांनी पेन्सील खाली ठेवली आणि बराच वेळ कागदाकडं बघितलं.

"इतकी सारखी भिंत मी कधी बघितली नाही, मावशी."

"पक्कं काम हाय म्हणला हुताव की."

"हो. म्हणालो होतो." मग मशीनवर काही बटणं दाबली. "एक तारखेला ऊन कसं होतं इथं?"

"कडक."

"सोलापुरात दिवसभर धूळ होती. दिवे लावून पेपर घेतला."

"सोलापूर लांब हाय."

"पन्नास किलोमीटर," म्हणाले. चष्मा काढून पुसला. "बरं. भिंतीच्या दाखल्यावर मी सही मंगळवारी करतो. तोवर रजिस्टर तुमच्याकडंच असू द्या. काही राहिलं असेल तर लिहा."

काय राहणार. सगळं तर भरलंय. शिकलेल्या माणसाला एवढं कळू नये याचं नवल वाटतं. समोर खोटं मांडलं तरी दिसलं नाही. आण्णासाहेबांनी पिवळा कागद घेऊन सगळ्यांना दाखवला आणि दुपारीच टाकी क्रेननं वर चढवली. रिकामी. तरी मी खालून त्या बारा चौकटी परत मोजल्या. बारा तारखेला शनिवारी चार वाजता पहिला टँकर रिकामा करणार.

५ एप्रिल, शनिवार

आज वस्तीकडचा नळ बसवला. बरोबर घ-४ च्या खाली. नळाखाली घागर ठेवायला फरशी टाकली आणि बायांना उभं राहायला सावली म्हणून भिंतीलगतच ओटा केला. रांग भिंतीला पाठ लावून उभी राहणार.

गावाकडचा नळ भिंतीपासून चाळीस पावलं.



६ एप्रिल, रविवार

पुतळाबाईकडं गेले. ती माझ्या टोळीत होती, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, बौद्ध वस्तीतली. खडी टाकायचं काम तिचंच. गुडघे गेलेत आता तिचे. दारात बसून जयंतीच्या निळ्या पताका दोऱ्याला चिकटवत होती. वाटीत पिठाची खळ.

म्हटलं, "पुतळा, एक इचारायचं हुतं."

"बसा अक्का. खळीवर बसू नका."

"ती भिंत आठवती का तुला?"

"कुठली, आपली मावळतीची व्हय?" मान वर केली नाही तिनं. "पोकळ हाय की ती."

एवढ्या सहज म्हणाली, जसं बाजार उद्या आहे म्हणावं.

"तुला ठावं हुतं?"

"म्या न्हाय तर कोण? घमेली कुणाच्या डोक्यावर हुती? कोरडी खडी पडायची तवा आतनं कसा आवाज यायचा, माज्या कानात हाय अजून."

"मग एवढी वर्षं बोललीस का न्हाय?"

"कुणाला बोलू? मुकादमीण तुमी. तुमालाच सांगू का, अक्का तुमी पोकळ बांदायलाव म्हणून?" हसली आणि पताकेला दोरा ओढला. "आन वर काय हुतं तवा? पत्रे. उंदरं पळायची तेवढंच वजन."

"आता टाकी हाय."

"दिसती की. आंदळी न्हाय म्या."

मी म्हटलं, ते पाणी आपण सगळ्यांनी नेलं, सगळ्या टोळीनं, सारखं वाटून. कुणा एकीचा दोष नाही. मला वाटलं, ती हो म्हणेल. मी ते ऐकायलाच गेले होते, आता कळतंय.

तिनं पताका खाली ठेवली.

"सारखं? अक्का, आमच्या घागरी तुमी लांब ठिवायला लावायचाव आन वरनं वतायचाव. ते बी तुमच्या बायांच्या भरून झाल्यावर. आमच्या वाट्याला पिंपाच्या तळचं. चुन्याचं पांढरं. गुलाबनं पेलं आन आठ दिस नुसती वकत हुती. आजबी तिच्या पोटाला काय सोसत न्हाय."

गुलाब तिची पोरगी. तेव्हा तीन वर्षांची होती, आता दहावीची परीक्षा देऊन बसलीय. पुतळाचे गुडघे गेल्यापासून पाणी तीच भरते.

"सारखं म्हणू नका," पुतळा म्हणाली. "बाकी काय बी म्हणा."

मी उठले. एवढ्या वर्षांनी हे काढायची काय गरज होती. मी दिलं नसतं तर तेही मिळालं नसतं. दुसरी मुकादमीण असती तर वस्तीच्या बायांना टोळीत घेतलं नसतं. हे सगळं मी रस्ताभर मनात बोलत आले. घरी येऊन हंड्यातलं पाणी प्यायला घेतलं आणि ते तसंच परत हंड्यात ओतलं.

७ एप्रिल, सोमवार

वरून ओतायचे. खरं आहे. माझाच हात होता.

८ एप्रिल, मंगळवार

सर सकाळच्या एसटीनं आले. मी रजिस्टर त्यांच्यासमोर टाकलं आणि म्हटलं, "हे खोटं हाय. बारा चौकटी मी खोट्या लिवल्या. एक तारखेचं तर सगळंच. भिंतीच्या पोटात माल न्हाय, चुना न्हाय, आडवा दगड न्हाय. आमी पाणी पेलाव."

वाटलं ओरडतील. त्यांनी नुसतं विचारलं, "कुठपासून कुठपर्यंत?"

"ग तीनपासून च सहापर्यंत."

"खरे आकडे आठवतात?"

"ती सत्तेचाळीस आन रात्री चौतीस. पण आठवणीवर कशाला? आज ऊन हाय. आज घ्या."

बरं झालं, त्यांच्या पिशवीत एक कागद चौकटी आखून तयारच होता, नाहीतर परत आखत बसावं लागलं असतं. चार वाजता दोघांनी मिळून घेतलं. मी तार धरली, ते लिहीत होते. आठला परत घेतलं. मग त्यांनी पेन्सिलींचा डबा माझ्यापुढं सरकवला. "तुम्ही रंगवा."

मी लाल घेतली. चार वाजताच्या कागदावर बारा चौकटी लाल, आठच्या कागदावर त्याच बारा निळ्या. रेघेच्या बाहेर एक ठिपका जाऊ दिला नाही. मधोमध असं दिसत होतं, जसं अंगाला डागलंय.

सरांनी हिशोब केला. म्हणाले, भरीव भिंतीचा आणि या जागेचा मेळ बसत नाही. बाहेरचं तोंड आतल्या अंगापासून सुटं आहे. दहा टन आले की ते तोंड फुगत फुगत बाहेर येईल. एका दिवसात नाही. एखाद्या दिवशी.

"बाहेर म्हंजी कुठं?"

"मावळतीला," म्हणाले.

मी पेन्सिली एकेक करून डब्यात ठेवल्या. शेवटी मीच म्हटलं, "तुमी मला काय बोलत न्हाय ते बोला एकदा."

"काय बोलू? तुमच्याजागी मी असतो तर भिंतीलाच पाणी पाजलं असतं, असं मला म्हणता येत नाही, मावशी. पण आकडे खोटे लिहायला नको होते. ते परत घेणं अवघड असतं."

तेव्हा मला वाटलं, परत घेतले की आता.

९ एप्रिल, बुधवार

सर आणि मी आण्णासाहेबांकडं गेलो. महारुद्र तिथंच होता, कागदाला शिक्के मारत होता. आण्णासाहेबांनी दोन्ही कागद बघितले, लाल-निळा लांब धरून.

"होळी झाली की, आता रंग कसले?"

सरांनी सगळं नीट समजावलं. मी माझं सांगितलं, पाणी, खडी, लांब दगड, सगळं. महारुद्रचा शिक्का हवेतच राहिला.

आण्णासाहेब म्हणाले, "बाई, तेरा वर्षं उभी हाय ना भिंत?"

"वर काय नव्हतं म्हणून हाय."

"आता पाच दिवसांवर जयंती. वस्तीला पयल्यांदा नळ मिळायलाय. तुमी म्हणायलाव, देऊ नका. लोक काय म्हणतील? सत्यभामाबाईला त्यांचं पाणी बघवंना."

मी म्हटलं, नळ द्या, टाकी खाली ठेवा, शाळेपुढच्या मोकळ्या जागेत. कट्ट्यावर. नळाला पाणी येतंच.

"तिथं गावाचा नळ हाय. वस्तीची रांग तिथं आणायची का? भांडणं लावताव का?" मग सरांकडं वळले. "सर, तुमी सही करू नका. काय हरकत न्हाय. पयलं रजिस्टर हाय आमच्याकडं, पाच दिवसांचं, बाईंच्या हातचं. पिवळा कागद हाय. तेवढ्यावर सही करणारा इंजिनेर मला मिळतो."

रजिस्टर टेबलावर मीच ठेवलं होतं, खोटं कुठं आहे ते दाखवायला. त्यांनी ते खणात टाकलं आणि कुलूप लावलं.

सर म्हणाले, "मी तालुक्याला लेखी कळवणार."

"कळवा. टपाल पोचायला आठ दिस. मधी सुट्ट्या."

आणि मग महारुद्रला, गोड आवाजात, "रुद्रा, आईची तब्येत बरी न्हाय वाटतं. उन्हात लई उभ्या राहिल्या."

घरी येताना महारुद्र माझ्या पुढं चालत होता. दारात आल्यावर म्हणाला, "तेरा वर्षं गप होतीस. आणखी गप राहिली असतीस तर तुझं काय जात होतं?"

मी म्हटलं, "ते पाणी तू पेलास."

"मी मागितलं होतं का?"

पाच वर्षांचा होता, मागतच होता, रात्रंदिवस. पण तसं नाही म्हणत तो.

१० एप्रिल, गुरुवार, पाडवा

गुढी उभारली. कडुलिंब खाल्ला, गुळाशिवाय. सकाळी पुतळाकडं गेले आणि सगळं सांगितलं, आकडे खोटे लिहिल्याचंही. ती म्हणाली, "मग आता मला कशाला सांगायलाव? ज्याच्याकडं कुलूप हाय त्याला सांगा." गुलाब दारातच उभी होती, तिनंच विचारलं, "लिहून दिलंय का त्यांना?" नव्हतं दिलं. तोंडी दिलेलं आण्णासाहेब खाऊन टाकतात.

म्हणून लिहिलं. खाडाखोड झाली म्हणून गुलाबकडून दोन प्रती करून घेतल्या. एक सरांकडं दिली, ते ती तालुक्याला स्वतः पोचवणार. एक आत्ता महारुद्रच्याच हातात दिली, तो घेऊन गेला. ही माझी.

"चेअरमन आण्णासाहेब यांस, सत्यभामा हिचा नमस्कार.

मी तुमच्या गोडाऊनच्या मावळतीच्या भिंतीची मुकादमीण. ती भिंत मी पोकळ बांधली. कामाचं पाणी मी बायांना घरी नेऊ दिलं, आणि तेही सारखं वाटलं नाही. टोळीतल्या एकाही बाईचं नाव यात घेऊ नका, सांगणारी मी होते. तुमच्या खणात जे रजिस्टर आहे त्यातले मावळतीच्या भिंतीचे आकडे खोटे आहेत आणि ते माझ्या हातचे आहेत. त्यावर कुणी सही केली तर त्यानं माझ्या खोट्यावर सही केली असं मी पोलिसांत जाऊन सांगेन, आणि आधी स्वतःला पकडून द्यायला सांगेन.

महारुद्रला यातलं काही माहीत नव्हतं. त्याला काढायचं तर तुमची मर्जी, पण कारण खरं लिहा.

माझं मागणं तीन गोष्टींचं. रजिस्टर हिरेमठ सरांना परत द्या. टाकी भिंतीवरून खाली घ्या आणि शाळेपुढं कट्ट्यावर ठेवा. नळ एक, रांग एक. भांडणं होतील म्हणता, होऊ द्या. भांडून कुणी दगडाखाली जात नाही. त्या रांगेत मी पुतळाबाईच्या गुलाबच्या मागं उभी राहीन, पुढं नाही.

तुम्हाला माझा शब्द पटत नसेल तर पहार आणा. घ-४ ची चौकट मी सगळ्या गावासमोर स्वतः उघडते. आत चुना निघाला तर मी गाव सोडते.

टँकर शनिवारी चारला येतो. मला उत्तर शनिवारी बारा तारखेला दुपारी बाराच्या आत पाहिजे, लेखी, हो की नाही एवढंच. तोंडी चालणार नाही. बारा वाजता मी पहार घेऊन नळापाशी असेन. टाकी खाली घेणार की नाही?"